डाव्या हातावरचा कोट

भांडण चाललं होतं ते एका कोटावरून.

"खाली ठेव तो कोट!" दिग्दर्शक ग्रेडी ओरडत होता. "बाहेर ऑगस्टचं ऊन, आत दिव्यांची भट्टी, खोलीत बाई मरून पडलेली आणि तू लोकरी कोट हातावर टाकून उभा! गाडी चुकलेला पाहुणा दिसतोस!"

"प्रुइट कोट खाली ठेवणार नाही," वॉरन टील म्हणाला. आवाज चढवला नाही की काही नाही.

"का नाही ठेवणार?"

"त्याच्या मनात नाही."

"त्याच्या मनात? अरे, प्रुइट नावाचा माणूस जन्मालाच आलेला नाही! तो कागदावर आहे. आणि कागदावर कोट नाही!"

"मग लिहून घ्या. पेन्सिल देऊ?"

कपडेपटाच्या पडद्याच्या अलीकडे एर्लिंडा बुस्तामांते इस्त्री हातात धरून हे ऐकत होती. तिचं इंग्रजी तेव्हा अर्धंकच्चं होतं, पण ओरडणं कुठल्याही भाषेत समजतं. तिच्या मनात आलं, काय हे नटांचे नखरे! एक कोट खाली ठेवायचा तर केवढं रामायण. मग तिने जीव मुठीत धरून कान टवकारले, कारण तिला वेगळीच धास्ती होती. त्या भांडणात कुणीतरी 'शर्ट' म्हणेल, ही.

कुणी म्हणालं नाही.

साल एकोणीसशे एकोणसाठ. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला एका गोदामासारख्या इमारतीत 'लायल प्रुइट' नावाच्या खासगी गुप्तहेराची मालिका तयार होत असे, आणि दर शुक्रवारी ती काळ्या-पांढऱ्यात घरोघरी दिसे. एर्लिंडा कपडेपटात लागून जेमतेम नऊ दिवस झाले होते. वय बत्तीस. बॉइल हाइट्स या कामगार वस्तीत दोन खोल्या, दोन मुली, आणि टायरच्या कारखान्यात पाय मोडून घरी पडलेला नवरा, रामिरो. शाळा तिसरीपर्यंत. पण इस्त्री अशी करायची की कॉलर पाहून माणसाने मान सरळ करावी. कपडेपटाचा मुख्य लिंडक्विस्ट नावाचा म्हातारा स्वीडिश. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दोन आठवडे बघतो. एकही कपडा बिघडला तर पुन्हा यायचं नाही. मला बोलायला आवडत नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी त्याने तिला चहा शिकवला. प्यायचा नव्हे, शर्टाचा. पांढराशुभ्र शर्ट त्या कॅमेऱ्याला सोसत नसे. दिव्यांखाली तो असा पेटे की नटाच्या चेहऱ्याचा कोळसा होई. म्हणून प्रुइटचे सगळे शर्ट फिक्या चहाच्या पाण्यात बुडवून काढायचे. हातात धरला तर शर्ट म्हाताऱ्याच्या दातांसारखा पिवळट, आणि टेलिव्हिजनवर पाहावा तर बगळ्याच्या पंखासारखा. एर्लिंडाला ही जादू फार आवडली. घरी जाऊन तिने रामिरोला सांगितलं, "त्या कॅमेऱ्याला तपकिरी रंग दिसतच नाही बघ. गिळून टाकतो!"

ही समजूत तिची तिनेच करून घेतली होती. आणि भांडणाच्या दिवशी सकाळी ती अगदी वेळेवर उपयोगी पडली.

त्या सकाळी प्रुइटच्या तीन शर्टांपैकी एक ओला होता. दुसऱ्याच्या छातीवर आदल्या दिवशीच्या नटीची लिपस्टिक होती. तिसऱ्यावर एर्लिंडा इस्त्री फिरवत असताना फोन वाजला, आणि तिला वाटलं, रामिरोच्या पायाचं काही झालं. फोन चुकीचा निघाला. ती परत वळेपर्यंत डाव्या बाहीवर, कोपराच्या जरा खाली, इस्त्रीचं नाक उमटलं होतं. तपकिरी, टोकदार, किनाऱ्याला लागलेल्या होडीसारखं.

ती रडली नाही. रडायला वेळ नव्हता. तिने मेकअपच्या टेबलावरून पावडरचा पफ आणला आणि त्या डागाला थापून थापून पावडर लावली. मग संत अंतोनिओचं नाव घेतलं, मनाशी म्हणाली, तपकिरी तर आहे, गिळेल कॅमेरा, आणि शर्ट हँगरवर लावून पाठवून दिला. त्या दिवशीच्या प्रसंगात प्रुइटच्या अंगात जाकीट नव्हतं. नुसता शर्ट आणि टाय.

तो भाग शुक्रवारी लागला तेव्हा ती शेजारणीच्या घरी पावाच्या डब्याएवढ्या टेलिव्हिजनला नाक लावून बसली होती. खुनी कोण हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. डाग मात्र दिसला नाही. कुठेच नाही. ती घरी आली, संत अंतोनिओपुढे मेणबत्ती लावली आणि रामिरोला म्हणाली, "म्हटलं नव्हतं तुला? गिळला!"

दोन आठवडे संपले. लिंडक्विस्ट काही बोलला नाही, म्हणजे ती पास झाली. पुढे एकतीस वर्षं तिने त्याच कपडेपटात काढली. काळ्या-पांढऱ्याचं रंगीत झालं, लिंडक्विस्ट जाऊन एर्लिंडा मुख्य झाली. दोन्ही मुली त्या इस्त्रीवर शिकल्या, धाकटी सोकोरो तर शाळेत मास्तरीण झाली. आणि नव्याने आलेल्या प्रत्येक पोरीला एर्लिंडा छातीवर हात ठेवून सांगे, "जुन्या कॅमेऱ्याला तपकिरी दिसत नव्हतं. मला विचारा."

आता त्या कोटाचं काय झालं ते ऐका. बायकांची पत्रं आली पोतंभर. प्रुइट कोट हातावर टाकून उभा राहतो तेव्हा किती रुबाबदार दिसतो म्हणे! मग काय, ग्रेडीच म्हणायला लागला की कोटाची कल्पना आपलीच. मालिकेची तीन वर्षं तो कोट टीलच्या डाव्या हातावरून खाली उतरला नाही. शहरातले पुरुष भर उन्हात कोट हातावर घेऊन हिंडायला लागले. रामिरोसुद्धा. त्याच्याकडे कोट नव्हता, तर त्याने मेव्हण्याचा आणला.

"मुंजीतल्या बटूसारखं काय फडकं घेऊन फिरतोस?" असं इकडे कुणी म्हणालं असतं. एर्लिंडा म्हणाली, "वेटर दिसतोस. दोन कॉफी आण."

टील तिला कधीच आवडला नाही. तीन वर्षं तो रोज तिच्या पडद्यासमोरून गेला, एकदाही 'सुप्रभात' म्हणाला नाही. मान वळवायचा नाही, ओठ घट्ट मिटलेले. नाकाने कांदे सोलणारा माणूस! म्हणून बारशाला, लग्नाला, पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या जेवणाला, चार माणसं जमली की एर्लिंडाची ती नक्कल ठरलेली. टेबलावरची चादर डाव्या हातावर टाकायची, नाक छताला लावायचं, आणि "त्याच्या मनात नाही!" म्हणत खोलीभर चालायचं. लोक पोट धरून हसत. चव्वेचाळीस वर्षं हसले.

*

दोन हजार तीन साली तिला शहात्तर पूर्ण झाली तेव्हा सोकोरोने डबा आणला. 'लायल प्रुइट', सगळे भाग, चकचकीत तबकड्यांवर, धुऊन-पुसून नव्यासारखे केलेले. रामिरो जाऊन बारा वर्षं झाली होती. शनिवारी दुपारी पडदे ओढून मायलेकी बसल्या. मधे कॉफी आणि गोड पाव. टेलिव्हिजन आता भिंतीएवढा.

"आई, खुनी कोण असेल गं?"

"मला काय विचारतेस? कॉलर बघ. ती माझी नाही, माझ्या आधीच्या बाईची. कडा कशा मेल्यात बघ."

"अगं, माणूस मेलाय!"

"तो मरणारच होता, गोष्टीत लिहिलंय. कॉलर मरायचं कारण नव्हतं."

असं करत चार शनिवार गेले आणि चौदावा भाग लागला. खोलीत बाई मरून पडलेली. एर्लिंडाने पहिल्याच क्षणी ओळखला तो दिवस. ती खुर्चीत पुढे सरकली. डोळ्यात हसू होतं. जुनी चोरी पचली की म्हातारपणी तिची मजा येते.

"हाच तो शर्ट," ती म्हणाली. "आता बघ गंमत. एवढा मोठा डाग, आणि कॅमेऱ्याने..."

पडद्यावर फोन वाजला. प्रुइटने उजव्या हाताने उचलला, मानेत धरला आणि पत्ता लिहून घ्यायला खिशातून पेन्सिल काढली. डाव्या हातावरचा कोट घसरला. वीतभर. प्रुइटने लगेच कोपर उचलून तो वर सरकवला आणि पत्ता लिहीत राहिला.

"थांबव," एर्लिंडा म्हणाली. "मागे घे. अजून. आता थांबव."

सोकोरोने रिमोट दाबला. पडद्यावर प्रुइटची डावी बाही उघडी होती, आणि बाहीवर काळंकुट्ट, टोकदार, इस्त्रीचं नाक.

कॅमेऱ्याने काही गिळलं नव्हतं.

"आई," सोकोरो हसत म्हणाली, "जुन्या कॅमेऱ्याला तपकिरी दिसत नव्हतं ना गं?"

सोकोरोने वळून पाहिलं तर आईच्या हातातला पाव कॉफीत बुडून तसाच विरघळत होता.

"पहिला भाग लाव," एर्लिंडा म्हणाली.

"तो पाहिला की आपण."

"कॉलर पाहिल्या. आता हात बघायचाय."

संध्याकाळपर्यंत त्यांनी मागचे तेरा भाग पळवत पळवत पुन्हा पाहिले. तेरा भागांत प्रुइट कोट अंगात घालत होता, खुंटीला अडकवत होता, खुर्चीवर फेकत होता. एकदा तर मुडद्यावर पांघरला. हातावर एकदाही नव्हता. तो हातावर पहिल्यांदा आला चौदाव्यात. त्या दिवशी. त्या शर्टावर.

"त्याच्या मनात नाही," एर्लिंडा हळूच म्हणाली. पण या वेळी नाक वर नव्हतं.

"आई, रडतेस?"

"अगं, मी त्या माणसाची चव्वेचाळीस वर्षं टिंगल केली! त्याने माझी अब्रू हातावर झाकून धरली आणि मी लग्नघरी चादरी घेऊन नाचले. तुझ्या लग्नातसुद्धा!"

"माझ्या लग्नात दोनदा," सोकोरो म्हणाली. ती मास्तरीण असल्यामुळे चुका मोजायची सवय होती.

त्या रात्री एर्लिंडाला एकच प्रश्न होता. तो माणूस अजून आहे का? लिंडक्विस्ट गेला, ग्रेडी गेला, प्रेत झालेली नटीसुद्धा केव्हाच खरोखरची गेली. ज्याच्यामुळे आपल्या घरात चूल पेटती राहिली, त्याला 'देव तुमचं भलं करो' एवढं तरी म्हणायचं राहून जाणार की काय? याच्याआधी तिला कुणाचं काही देणं राहून गेलंय असं वाटलं नव्हतं. सगळं श्रेय तिने कॅमेऱ्याच्या आंधळेपणाला आणि संत अंतोनिओला वाटून दिलं होतं.

सोमवारी सकाळी तिने जुन्या कामगारांच्या संघटनेत फोन केला. "आहेत," पलीकडची बाई म्हणाली. "निवृत्त कलाकारांच्या घरात असतात, शहराबाहेरच्या खोऱ्यात, पार पश्चिमेला. पण सांगून ठेवते, ते कुणाला भेटत नाहीत. चाहते आले की झोपेचं सोंग घेतात."

"मी चाहती नाही," एर्लिंडा म्हणाली. "मी इस्त्रीवाली."

*

दोन बस बदलून ती गेली. मांडीवर दालचिनीच्या बिस्किटांचा डबा. सोकोरो गाडीने सोडते म्हणत होती, पण एर्लिंडाला वाटेत बोलायचं पाठ करायचं होतं. बसमध्ये ते पाठ झालंही होतं. "आदरणीय मिस्टर टील" इथून सुरुवात.

वॉरन टील व्हरांड्यात बसला होता. ब्याऐंशी वर्षांचा, उंच, पाठीत वाकलेला. तिला येताना पाहून त्याने डोळे मिटले.

"आदरणीय मिस्टर टील," एर्लिंडा म्हणाली, आणि पुढचं सगळं विसरली. "अहो, डोळे उघडा. तुम्ही झोपला नाहीत. झोपलेल्या माणसाच्या पापण्या फडफडत नाहीत, मी दोन पोरी वाढवल्यात."

त्याने एक डोळा उघडला. "तुम्ही कोण?"

"एर्लिंडा. कपडेपटातली. चौदाव्या भागात तुमच्या बाहीवर..."

दुसरा डोळा उघडला. "होडी!" तो म्हणाला. "पावडर लावलेली होडी!"

"तुम्हाला पावडर ठाऊक होती?"

"ठाऊक? मी शर्ट लवकर मागायला आलो होतो. पडद्याच्या फटीतून बघतो तर तुम्ही शर्टाचा मेकअप करताय! हळुवार, एखाद्या नटीचा करावा तसा. माझा इतका मन लावून कुणी केला नव्हता. मी तसाच मागे गेलो. म्हटलं, या बाईला घालवलं तर आपल्याला हसायला काय उरलं?"

"पण सांगायचं तरी!"

"कुणाला? लिंडक्विस्टला? त्याने तुम्हाला तिथल्या तिथे घरी पाठवलं असतं. दुसरा शर्ट नव्हता, मला माहीत होतं, लिपस्टिकचा शर्ट मीच खराब केला होता."

"मग मला सांगायचं. तीन वर्षं माझ्यासमोरून गेलात, एक शब्द नाही. मी तुम्हाला शिष्ट समजले."

"तुमच्याकडे पाहिलं की मला ती पावडर आठवायची," टील म्हणाला. "ओठ घट्ट मिटून चालावं लागे. गुप्तहेर हसत हसत मुडद्याकडे गेलेला चालत नाही. आणि नंतर नंतर तर मला तुमचा रागही यायला लागला. एक दिवस धरायचा कोट तीन वर्षं धरायला लावलात. चार पौंडांचा लोकरी कोट! हा डावा खांदा बघा, अजून वर जात नाही."

एर्लिंडाचा चेहरा उतरला. तो पाहून त्याने पटकन पुढे म्हटलं, "अहो, पण तेव्हा हॅट घातलेले चाळीस गुप्तहेर होते टेलिव्हिजनवर. एकाचं नाव सांगा बरं. लोकांना माझा कोट आठवतो. त्या कोटावर माझी पोरं शिकली. मी तुमचा डाग झाकला आणि तुमच्या डागाने मला दाखवलं. आता कोण कुणाचे आभार मानणार, ते तुम्हीच ठरवा."

"मी आधी आलेय," एर्लिंडा म्हणाली. "म्हणून मी. देव तुमचं भलं करो, मिस्टर टील. माझ्या दोन्ही पोरींच्या वतीने. आणि रामिरोच्या. आणि... अजून एक सांगायचंय."

मग तिने नकलेचं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. लग्नं, बारशी, चादर, सगळं.

टील गंभीर झाला. "करून दाखवा."

"काय म्हणता!"

"करून दाखवल्याशिवाय माफी नाही."

शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल घेऊन शहात्तर वर्षांच्या एर्लिंडाने डाव्या हातावर टाकला, नाक छताला लावलं आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. "त्याच्या मनात नाही!" टील इतका हसला की खोकला लागला, आणि नर्स धावत आली.

"चालणं चुकलं," डोळे पुसत तो म्हणाला. "मी डावा पाय आधी टाकायचो."

"माझ्याकडे तबकडी आहे. उजवा."

निघताना तिने त्याची कॉलर पाहिली. इतका वेळ ती स्वतःला आवरून होती. "हा शर्ट कोण धुतं?"

"इथलं मशीन."

"दिसतंच आहे. कागदात गुंडाळलेला मासा याच्यापेक्षा नीट असतो. किती आहेत असे? काढा सगळे."

*

तेव्हापासून दर बुधवारी ती पाच शर्ट नेत असे आणि पाच आणत असे. टीलने तिला नको म्हणून सांगून पाहिलं. ती म्हणाली, आभार एकदा मानून संपत नाहीत, त्यांना सुरकुत्या पडतात. तो खळ जास्त झाल्याची तक्रार करी, ती त्याच्या मानेला दोष देई. तीन वर्षं हे असं चाललं, आणि त्यात दोघांची तब्येत इतकी छान राहिली की सोकोरो म्हणे, डॉक्टरने इस्त्रीच लिहून द्यायला हवी.

शेवटची फेरी झाली ती फेब्रुवारीतल्या एका बुधवारी. एर्लिंडाला आदल्या दिवसापासून जरा धाप लागत होती. सोकोरोने फोनवर सांगितलं, "आई, या आठवड्याला राहू दे. मी रविवारी नेऊन देते."

"रविवारपर्यंत तो काय मशीनचं घालणार? तू तुझ्या पोरांच्या वह्या तपास."

पाचही शर्ट तिने सकाळीच केले होते. आधी कॉलर, मग खांदे, मग कफ, मग बाह्या, आणि पाठ सगळ्यात शेवटी. दोन बस. दुसऱ्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा. त्याने हँगर अडकवायला पुढचा दांडा मोकळा करून दिला.

टील पत्ते खेळत होता. हरत होता, म्हणून चिडलेला.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"तुम्हाला कुठे खून शोधायला जायचंय?"

"निळ्याला मागच्या वेळी खळ जास्त होती. मान कापते."

"मान ताठ ठेवलीत तर कापणार नाही. डाव कुणाचा आहे?"

"माझा."

"मग खेळा. राजा टाका."

तिने वर त्याच्या खोलीत जाऊन शर्ट कपाटात लावले, रंग फिक्याकडून गडदाकडे. मळलेले पाच पिशवीत घातले. एका शर्टाचं बटण दोऱ्यावर लोंबत होतं, ते तिथेच पलंगाच्या कडेला बसून शिवलं आणि दोरा दाताने तोडला. आज जिना नको वाटला, म्हणून लिफ्टने खाली आली.

"राजा टाकला?" तिने जाता जाता विचारलं.

"टाकला. हरलो."

"बरं झालं. येते मी."

टीलने पत्त्यांतून डोकं वर न काढता हात हलवला. बाहेर ऊन चांगलं पडलं होतं. थांब्यावरच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली, वरच्या शर्टाची कॉलर बोटांनी चाचपून पाहिली, आणि या खेपेला खळ खरंच थोडी कमी करावी असं तिने ठरवलं. बस आली. तिने आधी पिशवी वर चढवली, मग स्वतः चढली.